दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर (जन्म : १० जानेवारी, १८९६, मृत्यू : १७ एप्रिल, १९९०) हे मराठी कवी, दैनंदिन वापरातील जुन्या कलावस्तूंचे संग्राहक आणि पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक होते. अज्ञातवासी या टोपणनावाने ते कविता लिहीत. चष्म्याचे दुकान हा त्यांचा व्यवसाय होता. सुमारे १९२० पासून त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, पानदाने, वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे, चित्रे व शस्त्रे अशा वस्तू जमवण्यास सुरुवात केली. १९६० पर्यंत या संग्रहात सुमारे १५,००० वस्तू झाल्या होत्या. १९६२ मध्ये संग्रहालय स्थापन झाले आणि १९७५ मध्ये केळकर यांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. आज संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे २,५०० प्रदर्शनात मांडलेल्या आहेत.

या संग्रहातील अडकित्ते विशेष प्रसिद्ध आहेत. हातात मावणाऱ्या, पाते असलेल्या घरगुती हत्याराचा भारतीय कारागिरांनी किती कल्पकतेने विचार केला, हे पाहण्यासाठी अभ्यासक व पर्यटक या संग्रहालयास भेट देतात.

कवी अज्ञातवासी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टोपणनावाने काव्यलेखन करण्याची प्रथा मराठीत रूढ होती. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी ही नावे त्यापूर्वीच प्रस्थापित झाली होती. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव जूलियन, यशवंत व गिरीश हे कवीही टोपणनावानेच ओळखले जात. केळकर यांनी स्वतःसाठी अज्ञातवासी हे नाव निवडले. महाभारतातील पांडवांच्या अज्ञातवासामुळे हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा होता.

मराठी कवितेच्या इतिहासात अज्ञातवासींची नोंद होत असली, तरी सर्वसामान्य लोकांत केळकर यांचे नाव संग्रहालयामुळेच टिकून राहिले. या संग्रहातील बहुतेक वस्तूंवर त्या घडवणाऱ्याचे नाव नाही. त्यामुळे अज्ञातवासी हे नाव घेतलेल्या कवीने अज्ञात कारागिरांची कामे जतन केली, असा योग जुळून आला.

पार्श्वभूमी : पेठा, वाडे आणि मोड

केळकर यांनी संग्रहाला सुरुवात केली तेव्हाच्या जुन्या पुण्याची परिस्थिती समजून घेतल्याशिवाय या कार्याचे महत्त्व लक्षात येत नाही. शहराची जुनी वस्ती पेठांमध्ये विभागलेली होती. त्यांपैकी बुधवार पेठ १७०३ मध्ये औरंगजेबाच्या मुक्कामाच्या काळात मोहियाबाद या नावाने वसली आणि पेशवाईत ती बुधवार पेठ म्हणून ओळखली जाऊ लागली. पेशव्यांचा बुधवार वाडा याच पेठेत होता. नारो आप्पाजी खिरे यांनी पेशवाईत उभारलेले तुळशीबागेचे राममंदिरही याच पेठेत आहे. तुळशीबागेचा परिसर पुढे भांडी, पूजेची उपकरणे व बायकांच्या वस्तू यांची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध झाला. केळकर संग्रहालय ज्या शुक्रवार पेठेत आहे, ती बुधवार पेठेला लागूनच आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर सरदार, इनामदार व सावकार घराण्यांचे उत्पन्न घटत गेले. १८५२ नंतर इनाम कमिशनच्या चौकशीमुळे अनेक घराण्यांच्या इनामांवर गदा आली. शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या आणि बुधवार वाडा १८७९ मध्ये जळाला. विसाव्या शतकात वारसांमधील वाटण्या, भाडेकरूंची गर्दी आणि दुरुस्तीचा न परवडणारा खर्च यांमुळे खासगी वाडेही एकामागून एक मोडकळीस येऊ लागले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात मुठा नदीकाठच्या पेठांतील असंख्य जुनी घरे पडली.

वाडा मोडला की आतील सामानाची वाताहत होत असे. सोने-चांदी सराफाकडे जाई आणि कागदपत्रे कधी इतिहास संशोधकांच्या हाती लागत, तर कधी रद्दीत जात. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर कागदपत्रे, नाणी व ताम्रपट यांना हक्काचे ठिकाण मिळाले. पितळी दिवा, तांब्याचा बंब, लोखंडी अडकित्ता किंवा दौत यांना मात्र कोणी वाली नव्हता. अशा वस्तू मोडीत जात. जुने भांडे तांबटाकडे मोड म्हणून द्यायचे आणि तेवढ्या वजनाचे पैसे वजा करून नवे भांडे घ्यायचे, ही घरोघरची रीत होती. तराजूत पडल्यावर कोरीव समई आणि फुटकी कळशी यांच्या किमतीत काही फरक राहत नसे. केळकर यांनी या टप्प्यावर वस्तू वाचवल्या.

संग्रहाची सुरुवात आणि दृष्टी

केळकर यांच्यामागे संस्थानाचा खजिना किंवा मोठ्या उद्योगाची संपत्ती नव्हती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाला, टाटा कुटुंबाचा संग्रह लाभला. औंधचे संग्रहालय तेथील संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभारले. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय निजामाच्या दिवाणाच्या संग्रहातून निर्माण झाले. या सर्व संग्रहांच्या तुलनेत केळकर यांचा संग्रह एका दुकानदार गृहस्थाच्या मिळकतीतून आणि भटकंतीतून वाढला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामात साथ होती.

त्यांनी महाराष्ट्राबरोबरच गुजरात, राजस्थान, कर्नाटक आणि दक्षिणेकडील प्रदेशांतूनही वस्तू मिळवल्या. त्यामुळे एकाच प्रकारची वस्तू निरनिराळ्या प्रांतांत कशी घडवली जाई, याची तुलना या संग्रहात करता येते. बहुतांश वस्तू अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत.

राजेरजवाड्यांच्या मौल्यवान चिजांपेक्षा रोजच्या वापरातील वस्तूंवर दिलेला भर हे या संग्रहाचे वैशिष्ट्य होय. पाय घासण्याची वज्री, कुंकवाचा करंडा, चुन्याची डबी, कुलूप, झारी, खेळण्याच्या सोंगट्या अशा वस्तूंना कलावस्तूचा दर्जा द्यावा, ही कल्पना १९२० च्या सुमारास नवीन होती. १९७८ मध्ये मुंबईच्या मार्ग या कलाविषयक नियतकालिकाने या संग्रहालयावर विशेष प्रकाशन काढले. त्याच्या शीर्षकातही रोजच्या जीवनातील कलेचाच निर्देश होता.

अडकित्त्यांचा संग्रह

नाव आणि उपयोग

अडकित्ता म्हणजे सुपारी कातरण्याचे हत्यार. हा शब्द कन्नडमधून मराठीत आला असून त्याच्या मुळाशी सुपारी व कातरी या अर्थांचे शब्द आहेत. हिंदीत त्यास सरौता, गुजरातीत सुडी आणि तमिळमध्ये पाक्कुवेट्टी म्हणतात. विड्याची प्रथा जवळपास सर्व भारतभर पसरलेली असल्यामुळे हे हत्यारही सर्वत्र आढळते.

विड्यासाठी पान, सुपारी, चुना, कात, लवंग व वेलदोडा लागतो. या प्रत्येक जिन्नसासाठी भांडे किंवा साधन असे. घरी पानांचे तबक किंवा पानदान, प्रवासात कापडी चंची, आणि दोन्हीकडे अडकित्ता. पाहुण्यांचे स्वागत, लग्नाची बोलणी, मैफल आणि मंगलकार्य यांत विडा अनिवार्य होता. साहजिकच चारचौघांसमोर निघणारा अडकित्ता देखणा असावा, अशी अपेक्षा निर्माण झाली. लग्नात भेट देण्यासाठीही सुंदर अडकित्ते घडवून घेतले जात.

रचना

अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. दोन दांडे एका टोकाला खिळ्याने जोडलेले असतात आणि तो खिळा टेकूचे काम करतो. मधल्या भागात सुपारी ठेवतात व दुसऱ्या टोकाला हाताचा जोर लावतात. वरच्या दांड्याला धारदार पाते असते, खालच्या दांड्यावर सुपारी टेकते. भार टेकूजवळ आणि बल टेकूपासून दूर असल्यामुळे टणक सुपारीही थोड्या जोरात कापली जाते. पाते किंचित वक्र ठेवल्यास सुपारी पुढे सटकत नाही.

साधे अडकित्ते पूर्णपणे लोखंडी असतात. शोभिवंत अडकित्त्यात पाते पोलादाचे आणि अंग पितळेचे असते. पोलाद धार धरते, तर पितळ ओतून त्याला हवा तो आकार देता येतो. अशा वस्तूत लोहार व ओतारी या दोघांचे कसब एकत्र येते. काही अडकित्त्यांवर चांदीची किंवा सोन्याची तार ठोकून नक्षी काढतात. तलवारीच्या मुठीवर आढळणारे कोफ्तगरीचे हे काम घरगुती हत्यारावरही करून घेतले जात असे.

आकार

दोन दांडे उघडतात व मिटतात, या हालचालीचाच कारागिरांनी आकृतीसाठी उपयोग करून घेतला. घोडा, मोर, पोपट, घोडेस्वार, स्त्रीची आकृती, स्त्री-पुरुषांची जोडी असे अनेक आकार भारतीय अडकित्त्यांत आढळतात. पक्ष्याच्या आकारात चोच खिळ्याच्या बाजूला आणि शेपटी दांड्यात रूपांतरित झालेली असते. काही अडकित्त्यांना लहान घुंगरू लावतात, त्यामुळे सुपारी कातरताना नाद होतो. प्रवासासाठी तळहाताएवढे लहान अडकित्ते करीत आणि मोठ्या मेजवानीसाठी थोराड अडकित्ते वापरीत. गुजरातमधील जामनगर हे सुड्यांसाठी प्रसिद्ध असलेले केंद्र आहे.

जुना अडकित्ता ओळखण्याच्या खुणा

भारतीय अडकित्त्यांवर घडवणाऱ्याचे नाव किंवा वर्ष सहसा नसते. त्यामुळे काळ व प्रदेश ठरवताना अभ्यासकांना वस्तूच्या अंगावरील खुणांचा आधार घ्यावा लागतो. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत.

पाते : दीर्घकाळ वापरलेले पाते वारंवार धार लावल्यामुळे अरुंद झालेले असते. पितळी अंग गुळगुळीत झिजलेले आणि पाते मात्र रुंद व कोरे असेल, तर पाते नंतर बदललेले असण्याची शक्यता असते. शिकलगाराकडून पाते बदलून घेणे ही जुनीच पद्धत होती. त्यामुळे केवळ पाते बदलले म्हणून वस्तू बनावट ठरत नाही.

खिळा : दोन दांड्यांना जोडणारा खिळा हाताने ठोकून बसवलेला असेल तर त्याचे डोके किंचित वेडेवाकडे असते. अगदी समान, यंत्रावर कातलेला खिळा किंवा आट्यांचा स्क्रू दिसल्यास वस्तू अलीकडची असावी किंवा तिची दुरुस्ती झालेली असावी.

झीज : अंगठा व तळहात जेथे टेकतो तेथे पितळेवरील नक्षी पुसट होते, तर खोलगट भागात ती स्पष्ट राहते. बनावट वस्तूत काळेपणा सर्वत्र सारखा आणलेला असतो आणि हाताच्या पकडीशी झिजेचा मेळ बसत नाही.

ओतकाम : मेण वितळवून काढण्याच्या पद्धतीत साचा एकदाच वापरता येतो, त्यामुळे दोन वस्तू तंतोतंत सारख्या नसतात. ओतल्यानंतर कानशीने व छिन्नीने तपशील काढलेले दिसतात. एकाच जुन्या नमुन्यावरून वाळूच्या साच्यात काढलेल्या अनेक प्रतींमध्ये चेहरे व बोटे बोथट होतात.

वेशभूषा : आकृतीचे पागोटे, लुगड्याचा नेसण्याचा प्रकार, घोड्याचे खोगीर यांवरून प्रदेशाचा अंदाज बांधता येतो. कारागीर स्थलांतर करीत आणि वस्तू बाजारात दूरवर विकल्या जात, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

उपयुक्तता : खरा अडकित्ता सुपारी कातरतो. पाते मिटल्यावर खालच्या दांड्यावर नीट बसत नसेल, तर ती वस्तू केवळ शोभेसाठी केलेली असण्याची शक्यता अधिक असते.

या सर्व खुणांइतकीच महत्त्वाची माहिती म्हणजे वस्तू कोठून व कोणाकडून मिळाली, ही होय. एकदा वस्तू मोडीच्या ढिगात गेली की ही माहिती कायमची पुसली जाते.

चाकू, बोरू आणि परदेशी पाती

अडकित्त्याप्रमाणेच लेखनाच्या साहित्यातही लहान पात्याला स्थान होते. मोडी लिपीतील दफ्तरे बोरूने लिहिली जात. बोरूचे टोक सतत तासावे लागे व त्याला तिरका छेद द्यावा लागे, म्हणून कारकुनाच्या कलमदानात दौतीबरोबर लहान चाकू असे. फारसीतील कलमतराश हे याच साधनाचे नाव. पोलादी टाकाचा प्रसार झाल्यावर बोरू मागे पडला आणि त्याबरोबर लेखणी तासण्याचा चाकूही. केळकर यांच्या संग्रहातील दौती व लेखनसाहित्य यांमुळे या लुप्त झालेल्या व्यवहाराची कल्पना येते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे तयार होणारे घडीचे चाकू भारतीय बाजारात आले. या चाकूंवर पात्याच्या मुळाशी निर्मात्याचे नाव व चिन्ह ठोकलेले असे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीचे तारा आणि माल्टा क्रूस हे चिन्ह त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. प्रसिद्ध चिन्हांची नक्कल होऊ लागल्याने ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि भारतात १८८९ साली व्यापारी चिन्हांविषयी कायदे करण्यात आले. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या परदेशी मालावर देशाचे नाव घालणे आवश्यक ठरले. त्यामुळे जुन्या घडीच्या चाकूंचे जगभरातील संग्राहक पात्यावरील नाव, पत्ता व देशाचा उल्लेख यांवरून त्याचा काळ ठरवतात.

भारतीय कारागिराच्या हत्यारावर असा शिक्का क्वचितच असतो. शेफील्डच्या चाकूची ओळख कंपन्यांच्या नोंदी व जुन्या किंमतपत्रिका यांच्या आधारे पटवता येते. पुण्याच्या किंवा जामनगरच्या अडकित्त्यासाठी असा कागद मिळत नाही. तेथे तुलनेसाठी दुसरे अडकित्तेच हवेत. अशा अनेक वस्तू एकत्र ठेवलेला संग्रह हाच त्या विषयाचा संदर्भग्रंथ ठरतो. केळकर यांनी एकाच प्रकारच्या अनेक वस्तू जमवल्या, याचे महत्त्व यातून स्पष्ट होते. एक सुंदर अडकित्ता दिवाणखान्याची शोभा वाढवतो. पुष्कळ अडकित्ते शेजारी ठेवले की त्यांतून कारागिरांच्या परंपरांचा अभ्यास करता येतो.

संग्रहातील इतर वस्तू

दिवे : समया, निरांजने, आरत्या, लामणदिवे, दीपलक्ष्मी व टांगते दिवे यांचा मोठा संग्रह आहे. तेल साठवण्याची, वात धरण्याची व दिवा टांगण्याची सोय प्रत्येक प्रांतात वेगळ्या पद्धतीने केलेली आढळते.

वज्र्या : पायाच्या टाचा घासण्यासाठी वापरायच्या या पितळी वस्तूंचा तळ खरखरीत असतो आणि वर पक्षी, प्राणी किंवा मानवी आकृती असते. काही वज्र्या आतून पोकळ असून त्यांत खडे घातलेले असल्याने त्या वाजतात.

वनिता कक्ष : स्त्रियांच्या सौंदर्यप्रसाधनाच्या व वापराच्या वस्तू या विभागात आहेत. करंडे, फण्या, आरसे आणि वस्त्रे यांतून घराच्या आतल्या जगाचे दर्शन घडते.

वाद्ये : शास्त्रीय संगीतातील तसेच लोकसंगीतातील वाद्यांचा संग्रह हा संग्रहालयाचा महत्त्वाचा विभाग मानला जातो.

चित्रकथी : गावोगाव चित्रे दाखवत रामायण-महाभारतातील कथा सांगणाऱ्या चित्रकथ्यांची पैठण शैलीतील चित्रे या संग्रहात आहेत. हाताळून जीर्ण झालेल्या अशा चित्रांचे एकत्रित जतन अन्यत्र फारसे झालेले नाही.

काष्ठशिल्प : गुजरात व इतर प्रदेशांतील कोरीव दरवाजे, खिडक्या व तुळया येथे पाहावयास मिळतात.

यांखेरीज शस्त्रे, हुक्के, कुलपे, स्वयंपाकघरातील भांडी, खेळ व खेळणी, हस्तिदंती वस्तू आणि मूर्ती यांचाही संग्रहात समावेश आहे.

राजा आणि संग्रहालयाचे नाव

केळकर दांपत्याचा एकुलता एक मुलगा राजा बालवयातच मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ केळकर यांनी आपला संग्रह अर्पण केला आणि संग्रहालयास राजा दिनकर केळकर असे नाव दिले. संग्रहालयाच्या नावातील राजा या शब्दामुळे ते एखाद्या संस्थानिकाचे असावे, असा समज पुण्याबाहेरील पर्यटकांत अनेकदा होतो. वस्तुतः राजा हे मुलाचे आणि दिनकर हे वडिलांचे नाव आहे. मराठी पद्धतीप्रमाणे मुलाचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने हे नाव तयार झाले आहे.

वंशपरंपरेने जपल्या जाणाऱ्या वस्तू ज्या घराण्यांत पुढे सांभाळल्या गेल्या नाहीत, अशा घराण्यांतून हा संग्रह उभा राहिला. तो ज्याच्या हाती सोपवायचा तो मुलगा संग्राहकाला राहिला नाही. त्यामुळे आपल्या पश्चात या वस्तूंचे काय होणार, हा प्रश्न केळकर यांच्यापुढे होता. सार्वजनिक संग्रहालय हे त्याचे उत्तर ठरले.

संग्रहालयाची स्थापना आणि शासनाकडे हस्तांतरण

१९६२ मध्ये राजा दिनकर केळकर संग्रहालयाची स्थापना झाली. शुक्रवार पेठेतील नातूबाग परिसरात बाजीराव रस्त्याजवळ ते आहे. खासगी घरातील संग्रहाचे संग्रहालय होताना वस्तूंची नोंद करणे, त्यांचे वर्गीकरण करणे, दमट हवेपासून लाकूड, कापड व लोखंडाचे संरक्षण करणे आणि सर्वसामान्यांना समजेल अशी मांडणी करणे ही कामे आवश्यक होती.

१९७५ मध्ये केळकर यांनी संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. भारतात १९७२ साली पुरावस्तू व कलानिधी अधिनियम संमत झाला आणि तो १९७६ पासून अमलात आला. या कायद्यान्वये सर्वसाधारणपणे १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तींना त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी खरेदीदारांकडून भारतीय कलावस्तूंना मोठी मागणी असण्याच्या त्या काळात हजारो वस्तूंचा संग्रह न फुटता एका ठिकाणी राहिला, ही या हस्तांतरणाची मोठी फलश्रुती मानली जाते. पुढेही केळकर संग्रहालयाच्या कामात लक्ष घालत राहिले.

मस्तानी महाल

थोरल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूड येथे बांधलेल्या महालाचे अवशेष संग्रहालयात आणून त्यांची पुनर्रचना करण्यात आली आहे. मूळ जागी नष्ट होऊ लागलेल्या वास्तूचे लाकडी खांब, कमानी व इतर भाग उतरवून ते पुन्हा उभारण्यात आले. पेशवेकालीन दिवाणखान्याची रचना प्रत्यक्ष अनुभवता यावी, अशी ही मांडणी आहे. अडकित्ता, समई व पानदान ज्या प्रकारच्या खोलीत वापरले जात, ती खोलीच येथे पाहावयास मिळत असल्याने संग्रहातील सुट्या वस्तूंचा परस्परसंबंध प्रेक्षकांच्या लक्षात येतो.

सन्मान आणि मूल्यमापन

पुणे विद्यापीठाने केळकर यांना मानद डॉक्टरेट देऊन गौरवले. त्यांचा उल्लेख डॉ. केळकर असा केला जातो तो यामुळे.

केळकर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना अभ्यासक दोन बाबींकडे लक्ष वेधतात. पहिली बाब संग्रहाच्या विषयाची आहे. राजकीय इतिहासाला प्राधान्य असलेल्या पुण्यात त्यांनी घरगुती जीवनाच्या इतिहासाची साधने जमवली. लढाया, तह व वंशावळी यांची माहिती कागदपत्रांतून मिळते. त्या काळातील स्त्री कोणत्या आरशात पाहत असे, पाहुण्यासमोर सुपारी कशाने कातरली जाई किंवा रात्री माजघरात उजेड कशाचा असे, यांची उत्तरे मात्र वस्तूच देऊ शकतात. अहमदाबाद येथे १९८१ मध्ये भांड्यांचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. रोजच्या वापरातील वस्तूंना वाहिलेल्या अशा संग्रहांच्या आधीच्या पिढीत केळकर यांचा संग्रह मोडतो.

दुसरी बाब या संग्रहाच्या मर्यादेची आहे. वस्तू मूळ घरातून निघून अनेक हातांतून संग्राहकापर्यंत पोहोचली असेल, तर ती कोणी, कोठे व केव्हा घडवली याचे निश्चित उत्तर मिळणे अवघड होते. खरेदीतून वाढणाऱ्या सर्वच संग्रहांची ही अडचण असते. अशा वस्तूंच्या बाबतीत शतक व प्रदेश यांचा ढोबळ निर्देश करणेच योग्य ठरते. धातूचे विश्लेषण, तुलनात्मक अभ्यास आणि कारागीर समाजांच्या मौखिक परंपरा यांच्या साहाय्याने या वस्तूंविषयी अधिक माहिती मिळवण्यास अद्याप वाव आहे.

निधन आणि वारसा

दिनकर गंगाधर केळकर यांचे १७ एप्रिल, १९९० रोजी वयाच्या ९५व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या हयातीत पुण्यातील जुन्या वाड्यांपैकी बरेचसे पाडले गेले आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. घरोघरी विडा लावण्याची प्रथा कमी झाली, दिव्यांची जागा विजेने घेतली आणि पितळेऐवजी स्टेनलेस स्टील व प्लॅस्टिकच्या वस्तू आल्या. ज्या वस्तू त्यांनी जमवायला घेतल्या तेव्हा वापरात होत्या, त्यांतील अनेक त्यांच्या अखेरच्या काळात नव्या पिढीला नावानेही माहीत राहिल्या नव्हत्या.

हे संग्रहालय आज पुण्यातील महत्त्वाच्या प्रेक्षणीय स्थळांपैकी एक आहे. शालेय सहली, कलाशिक्षणाचे विद्यार्थी, इतिहासाचे अभ्यासक आणि परदेशी पर्यटक येथे येतात. एकूण वस्तूंच्या मानाने जागा अपुरी असल्यामुळे संग्रहाचा सुमारे आठवा भागच एका वेळी मांडता येतो. प्रदर्शनातील अडकित्ता किंवा वज्री यांसमोरच्या पाटीवर घडवणाऱ्याचे नाव सहसा नसते. मोडीत जाऊ शकणारी ती वस्तू पाहावयास मिळते, याचे श्रेय अज्ञातवासी या नावाने लिहिणाऱ्या संग्राहकाकडे जाते.